किती सरकलं, एवढंच

माझ्या माऊसला आपण टेबलावर कुठे आहोत हे ठाऊक नसतं. डाव्या कोपऱ्यात आहोत की उजव्या, जेवणाच्या टेबलावर आहोत की मांडीवरच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीवर, याचा त्याला पत्ता नसतो. मघाच्या क्षणापासून आपण किती सरकलो आणि कुठल्या बाजूला, एवढंच तो सांगतो. उचलून दुसरीकडे ठेवला तर मधल्या हवेतल्या प्रवासाची त्याच्या लेखी नोंद नाही. पडद्यावरचा बाण होता तिथेच थांबून राहतो. त्यामुळे वीतभर जागेत माऊस पुन्हा पुन्हा उचलून ठेवत मी मोठ्या पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकते. लहान घरात काम करणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे.

मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मांडणी करते. लेखकाचं हस्तलिखित, नाहीतर फोनवर टंकलेला मजकूर माझ्याकडे येतो आणि सोळा पानांच्या फॉर्मांमध्ये बसून छापखान्यात जातो. मधला सगळा काळ दुरुस्त्यांचा. कुठे अनुस्वार राहिलेला असतो, कुठे रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला असतो, परिच्छेदाची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसलेली असते, चित्राखालची ओळ चित्रापासून सुटलेली असते. काय लिहायचं ते कीबोर्डवर होतं, पण कुठे लिहायचं ते माऊस ठरवतो. देवनागरीत हे ‘कुठे’ नाजूक असतं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये क्लिक केल्यावर कर्सर जोडाक्षराच्या आत शिरत नाही; तो अख्ख्या अक्षराच्या अलीकडे किंवा पलीकडे उभा राहतो. ‘लक्ष्मी’मधलं काही बदलायचं तर शेवटी क्लिक करून बॅकस्पेसने एकेक खूण मागे काढत यावं लागतं, आधी वेलांटी जाते, मग म, मग हलन्त. लॅपटॉपच्या टचपॅडवर बोटाच्या पेराने हे दिवसभर करता येत नाही. बोट घामेजतं, ओळ हुकते, शब्दाऐवजी परिच्छेद निवडला जातो. माऊस तळहाताखाली आला की मनगटाच्या बारीकशा हालचालीने बाण नेमक्या अक्षरापाशी जातो.

वायरचा माऊसही मी पुष्कळ वापरला आहे. टेबलावर प्रूफांचे गठ्ठे, शब्दकोश, पट्टी, चहाचा कप अशी गर्दी असते आणि त्या गर्दीत वायर सतत कशाला तरी अडते. तिचा स्वतःचाही एक ताठरपणा असतो. हाताने माऊस दोन मिलिमीटर डावीकडे न्यावा आणि वायरने तो अर्धा मिलिमीटर परत ढकलावा, असं चालतं. बिनतारी माऊस हाती आला तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो हा ओढीचा अभाव. आता हालचाल तेवढी माझीच होती.

हा माऊस पाहतो कसा, ते समजून घेतल्यावर मला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला. पोटाखाली एक छोटा दिवा असतो. त्याचा उजेड टेबलाच्या पृष्ठभागावर तिरपा पडतो. तिरपा पडल्यामुळे लाकडाचे रेषे, कागदाचे तंतू, रंगाच्या सूक्ष्म उंचवट्यांच्या सावल्या उठून दिसतात. दिव्याशेजारचा चिमुकला कॅमेरा त्यांची चित्रं घेत राहतो. जुन्या साध्या सेन्सरमध्ये हे चित्र अवघं १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ ठिपक्यांचं असे आणि सेकंदाला दीड हजार चित्रं घेतली जात. आतली चिप आधीचं चित्र आणि आत्ताचं चित्र एकमेकांवर ठेवून पाहते, नक्षी किती हलली ते मोजते आणि लगेच आधीचं चित्र सोडून देते. टेबल सागवानी आहे की प्लायचं, त्यावर कुणाचं पत्र पडलं आहे की वाण्याचं बिल, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. स्वच्छ काचेवर साधा माऊस गोंधळतो, कारण तिथे पकडायला सावलीच नसते. थोडा खडबडीतपणा असेल तरच त्याला आपली चाल कळते. माझ्या टेबलावरचे जुने ओरखडे त्यामुळे त्याच्या उपयोगी पडतात.

‘किती सरकलं एवढंच मोजायचं’ ही कल्पना मी माऊस पाहण्याच्या फार आधी पाहिली होती. माझे वडील पाटबंधारे खात्यात आरेखक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कधीकधी त्यांच्या कार्यालयात जाऊन बसायची. तिथे मखमलीचं अस्तर असलेल्या लांबट पेटीत एक उपकरण असे, प्लॅनिमीटर. दोन दांड्या सांध्याने जोडलेल्या. एकीचं टोक सुईने नकाशावर रोवलेलं आणि दुसरीच्या टोकाशी हद्दीवरून फिरवायची अणी. दांडीला एक लहान चाक, त्यावर बारीक आकडे. नकाशावरच्या वेड्यावाकड्या आकृतीच्या कडेने अणी हळूहळू फिरवत सुरुवातीच्या बिंदूशी परत आणायची. मग चाकावरचा आकडा वाचून ठरलेल्या स्थिरांकाने गुणायचं, की आकृतीचं क्षेत्रफळ हाती येतं. स्वित्झर्लंडच्या याकोब आम्सलरने १८५४ साली हे ध्रुवीय प्लॅनिमीटर बनवलं. त्यातलं मर्म चाकात आहे. हालचाल चाकाच्या दिशेने झाली तर ते गोल फिरतं, आडवी झाली तर नुसतं घसरतं. फिरलेलं तेवढं मोजलं जातं, घसरलेलं सुटून जातं.

बाबा त्याने धरणाच्या जलाशयाची क्षेत्रं काढत. पाणी अमुक उंचीपर्यंत चढलं तर किती जमीन पाण्याखाली जाईल, हे समोच्च रेषेवरून अणी फिरवून कळे. त्याला बुडित क्षेत्र म्हणत. मी एकदा विचारलं, “बाबा, ह्या चाकाला आतली घरं दिसतात का हो?” नकाशावर घरांच्या, विहिरींच्या, देवळाच्या खुणा होत्या. ते म्हणाले, “चाकाला फक्त रेघ कळते, बाळा. रेघेच्या आत कुणाचं काय आहे, ते फिरवणाऱ्याने बघायचं.” मग त्यांनी आतल्या वाड्यांची नावं मला एकेक करून वाचून दाखवली. त्या वयात त्या वाचण्याचा अर्थ मला कळला नव्हता. पुढे मोठेपणी धरणग्रस्तांच्या आठवणींचं एक पुस्तक माझ्याकडे मांडणीला आलं, तेव्हा कळला.

माऊसचा जन्म याच उपकरणाच्या आठवणीतून झाला आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करणारे डग्लस एंगेलबार्ट १९६१ साली संगणकीय चित्रांविषयीच्या एका परिषदेत बसले होते. पडद्यावरच्या जागेकडे बोट कसं दाखवावं, हा प्रश्न त्यांच्या मनात होता. तिथे त्यांना प्लॅनिमीटरचं चाक आठवलं. एकमेकांशी काटकोनात दोन चाकं बसवली तर एक आडवी चाल मोजेल, दुसरं उभी, आणि दोन्ही मिळून पडद्यावरची जागा ठरेल. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी लाकडाचा ठोकळा पोकळ करून, त्यात धातूची दोन चाकं आणि वर एक बटण बसवून ते उपकरण प्रत्यक्षात आणलं. पुढे त्यांनी लाइट पेन, जॉयस्टिक, अगदी टेबलाखाली गुडघ्याने हलवायचं साधन यांच्याशी माऊसची तुलना केली. १९६७ साली ती प्रसिद्ध झाली. सवय झालेल्यांच्या हाती माऊस सरस ठरला. ती परीक्षा मजकुराची होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पडद्यावरच्या लिखाणातलं अक्षर किंवा शब्द कोण लवकर आणि बिनचूक निवडतं, ते त्यात पाहिलं होतं. जे काम मी रोज करते, त्याच कामासाठी माऊस घडला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात एंगेलबार्टनी सुमारे दीड तास जे प्रात्यक्षिक दिलं, त्यातही शब्द निवडणं, हलवणं, यादी नव्याने रचणं हेच मोठ्या भागात होतं. १७ नोव्हेंबर १९७० रोजी पेटंट मिळालं. माणसाच्या बुद्धीची ताकद वाढावी, हा त्यांच्या सगळ्या संशोधनाचा ध्यास होता. त्या ध्यासातलं सर्वांत साधं, जवळजवळ काहीच न जाणणारं उपकरण जगभर पोहोचलं.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवलं, की लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका तिथे हात पोहोचायला वेळ लागतो, आणि हा वेळ गणिताने सांगता येतो. १९७८ साली स्टुअर्ट कार्ड, बेट्टी बर आणि माऊस घडवणारे तेच इंग्लिश यांनी या नियमाने निरनिराळी साधनं तपासली. माऊसचा वेळ बोटाने थेट दाखवण्याच्या वेळेच्या इतका जवळ होता, की मर्यादा उपकरणाची उरली नव्हती. ती माणसाच्या डोळ्याची आणि हाताची होती. आपल्या वेगात आणि नेमकेपणात काही कमी पडलं तर ते आपलं, असं सांगणारी साधनं फार थोडी असतात.

हे मला अंगावर अनुभवायला मिळालं ते उजवं मनगट दुखू लागलं तेव्हा. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, “ताई, काही आठवडे माऊस डाव्या हाताने धरून बघा.” माझा माऊस दोन्ही बाजूंनी सारखा, बदामी आकाराचा, उजव्या पंजासाठी मुद्दाम वळवलेला नाही. कुठल्या हाताने धरलं आहे हे त्याला कळत नाही, आणि म्हणून दोन्ही हातांना तो सारखाच मोकळा असतो. पण डावा हात अडाणी होता. बाण शब्दाच्या पुढे जाऊन थांबे, मग मागे येई, मग वरच्या ओळीत शिरे. उजव्या हाताने अनेक वर्षांत जमवलेलं ज्ञान मेंदूतून डावीकडे आपोआप वाहत गेलं नाही. हात स्वतःच शिकतो, आणि ज्याचं त्यानेच शिकावं लागतं. हळूहळू डाव्या हाताला अंतराचा अंदाज येऊ लागला. आता सकाळी उजवा आणि दुपारनंतर डावा, अशी मी वाटणी केली आहे. प्रूफ वाचताना लाल पेन उजव्या हातात आणि माऊस डाव्या हातात, हे तर पूर्वीपेक्षा बरंच झालं आहे. संगणकाचं काम बसून करायचं, डोक्याचं काम, असं सगळे म्हणतात. छापखान्यात जुने कंपोझिटर खिळ्यांच्या कप्प्यांकडे न पाहता खिळा उचलून स्टिकमध्ये लावत, तेव्हा ते हाताचं काम मानलं जाई. पडद्यावर रफार सरकवणारा हात त्याच घराण्यातला आहे, हे मी विसरू इच्छित नाही.

वायर काढून टाकायचे प्रयत्नही जुने आहेत. लॉजिटेकने १९८४ साली अवरक्त किरणांवर चालणारा बिनतारी माऊस आणला, पण त्याला आणि त्याचे संदेश घेणाऱ्या पेटीला एकमेकांसमोर मोकळी वाट लागे. मध्ये पुस्तक आलं की बोलणं तुटे. १९९१ साली रेडिओलहरींचा माऊस आला आणि ती अडचण सरली. आज माझ्या लॅपटॉपच्या कडेला नखाएवढा डोंगल बसवलेला असतो. माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अगदी क्षीण शक्तीने त्याच्याशी बोलतो. साधारणपणे सेकंदाला सव्वाशे वेळा, आणि दर वेळी तेच मोजकं: इतकं उजवीकडे, इतकं वर, बटण दाबलं, बटण सुटलं. आजोबांच्या पिढीला घरी रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. भारत सरकारने २००५ साली २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. वायफाय, ब्लूटूथ, कोट्यवधी माऊस आणि हेडफोन तिथेच बोलतात, आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच आपली ऊर्जा वापरतो.

एवढ्या गजबजाटात कधी अडखळणं होतंच. महिन्याच्या शेवटी मी सगळ्या पुस्तकांची प्रत हार्ड डिस्कवर काढते. ही डिस्क डोंगलशेजारच्याच यूएसबी ३ पोर्टात लावली की बाण उड्या मारत चालतो. इंटेलच्या अभियंत्यांनी २०१२ साली याचं कारण लिहून ठेवलं आहे: यूएसबी ३ च्या वेगवान वाहतुकीतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने दूर नेला, की प्रश्न मिटतो. पण अडखळण्याच्या त्या क्षणी माझं काय होतं ते मी नीट पाहिलं आहे. आतापर्यंत नजर पानावर असते, वाक्यात असते. माऊस हातात आहे याची आठवणही नसते. बाण अडला की नजर पानावरून उठून हाताकडे जाते, आणि वाक्य सुटतं. अमेरिकेतल्या दोटोव, नी आणि केमेरो या संशोधकांनी २०१० साली अशाच प्रसंगाचा प्रयोग केला होता. माऊसने साधा खेळ खेळणाऱ्यांच्या हातात त्यांनी मध्येच काही सेकंद बाणाचं वागणं बिघडवलं आणि हाताच्या हालचाली मोजल्या. बिघाडात हालचालींच्या लयीचा घाटच बदलला. साधन नीट चालत असताना माणूस आणि साधन मिळून एकच काम करत असतात आणि बिघडताच ती एकी सुटते, हे त्यांना मोजून दाखवता आलं.

बिनतारी माऊसची निगा थोडीच असते, पण ती करावी लागते. मी पेन्सिल सेलवर चालणारा माऊस निवडला. आत कायमची बॅटरी बसवलेले पुष्कळ माऊस मिळतात, आणि बॅटरी म्हातारी झाली की चांगल्या स्थितीतला अख्खा माऊस कचऱ्यात जातो. सेल मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. हात काही मिनिटं दूर राहिला की माऊस स्वतःच झोपतो आणि सेल वाचवतो. धक्का लागताच उठतो. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. माझ्या बाजूने मी संपलेले सेल रोजच्या कचऱ्यात जाऊ देत नाही, वेगळ्या डब्यात साठवून ई-कचऱ्याबरोबर देते.

थोडंच जाणणं म्हणजे आपोआप निर्धोक असणं, असा मात्र माझा समज नाही. २०१६ साली बॅस्टिल या कंपनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की अनेक बिनतारी माऊस आपले संदेश सांकेतिक न करता पाठवत होते. किती सरकलं, एवढ्यात लपवण्यासारखं काय आहे, असा विचार त्यामागे असावा. पण काही डोंगल माऊसच्या नावाने आलेला संदेश कीबोर्डचा म्हणूनही स्वीकारत, आणि सुमारे १०० मीटरवरून परका माणूस तुमच्या संगणकावर काहीबाही टंकू शके. कमी बोलणाऱ्याच्या नावाने दुसरा कुणी जास्त बोलून गेला, आणि ऐकणाऱ्याने ते तपासलं नाही. म्हणून सॉफ्टवेअरचं अद्ययावतीकरण मी टाळत नाही आणि कामावरून उठताना लॅपटॉप लॉक करते.

आज माझ्या भोवतीच्या वस्तूंना माझ्याबद्दल बरंच काही जाणायचं असतं. फोनला मी कुठे आहे ते हवं असतं, टीव्हीला मी काय पाहते ते हवं असतं. मजकुराच्या सॉफ्टवेअरला तर मी पुढे काय लिहिणार तेही आधीच सांगायचं असतं. त्यातलं काही उपयोगी आहे, मी ते वापरतेही. पण जिथे निर्णय घ्यायचा असतो, तिथे मला माऊससारखं साधन बरोबर हवं असतं. आपला वाटा चोख उचलणारं आणि उरलेलं सगळं माझ्यावर सोडणारं. साधन जितकं कमी जाणतं, तितकी जाणण्याची जबाबदारी धरणाऱ्यावर येते. ती हवी असेल तरच माणसाने हे काम करावं, असं माझं मत झालं आहे.

सध्या माझ्याकडे सातारा भागातल्या एका आजींच्या आठवणींचं पुस्तक आहे. त्यांनी जसं बोलतात तसं लिहिलं आहे. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर पानभर लाल रेघा मारून ठेवतं आणि शेजारी पर्याय दाखवतं: सगळीकडे बदला. एका क्लिकमध्ये अडीचशे पानं प्रमाण भाषेत येतील. माऊस ‘बटण दाबलं’ एवढंच कळवील आणि त्याचं काम अचूक झालेलं असेल. पण प्रत्येक लाल रेघेखाली काय आहे ते मला पाहावं लागतं. टंकताना झालेली चूक असेल तर दुरुस्त करायची, बोलीतलं रूप असेल तर राखायचं, आणि शंका असेल तर फोन उचलायचा. “आजी, हे तुम्ही असंच लिहिलंय, तसंच ठेवू ना?” पलीकडून उत्तर येतं, “आमच्याकडं असंच बोलत्यात, पोरी. ऱ्हाऊ दे तसंच.” मी ‘दुर्लक्ष करा’ हा पर्याय निवडते आणि पुढच्या रेघेकडे जाते. असं एकेक पान करायला वेळ लागतो आणि प्रकाशकाला तसं आधीच सांगावं लागतं. हा वेळ मी मागून घेते, कारण पुस्तक छापून आल्यावर एखाद्या वाचकाने विचारलं, की हे असं का ठेवलं, तर प्रत्येक ठिकाणचं उत्तर माझ्यापाशी असलं पाहिजे.